तीन नंबरच्या खोलीचा कर्नल

४ ऑगस्ट, सोमवार

कानबाईचं विसर्जन करून दुपारी धुळ्यात परत. शिंदखेड्याजवळच्या आमच्या गावी काकांकडे सगळी भाऊबंदकी जमली होती, आबा सोडून. काकूने त्यांच्या वाटचे प्रसादाचे रोट फडक्यात बांधून दिले. पुनवेच्या आत संपवा म्हणावं, म्हणाली. घरी आल्यावर जळगावला फोन केला.

"आबा, एक दिन तरी येवानं."

"खोल्या कोन देखी?"

वडिलांचं हे एकच उत्तर मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून ऐकतेय. गॅदरिंगला हेच, माझ्या लग्नात हळदीला हेच. आई गेली तेव्हा तिसऱ्या दिवशी परत गेले. केळी पिकवायच्या सहा खोल्या आणि त्यांचा मुकादम माझा बाप. राग येतो, आणि मग त्यांच्यासाठी रोट बांधून घेतले जातात.

गुडघ्याचं विचारलं. "पाय काय पयी जास का?" पळणार कुठला, चालत पण नाहीये. डॉक्टर ऑपरेशन म्हणून बसलेत. आबांचं वय एकोणसत्तर.

७ ऑगस्ट, गुरुवार

सी.एल. टाकून जळगाव. पारोळा, एरंडोल, खड्डे, जळगाव.

आबा एका हाताने भिंत धरून चालतात आता. सहाही खोल्यांच्या बाहेर त्यांच्या हाताच्या उंचीवर भिंतीचा रंग उडालाय. सकाळी मनगटी घड्याळाला किल्ली देतात, मग खडूने प्रत्येक दारावर दिवस लिहितात: पहिला, दुसरा, तिसरा. पहिल्या दिवशी खोलीत ऊब आणि गॅस, मग रोज थोडं थोडं गार. दिवस चुकला की केळी चुकली. दर चार तासांनी आत जाऊन हात लावून, वास घेऊन बघतात. गेली तीस वर्षं.

पारसशेठ (मालक) चहा घेऊन आले. मी सरळ विचारलं, मशीन बसवलं तर? तापमान, गॅस, दिवस, सगळं तेच बघेल. शेठ म्हणाले, "बेटा, आबांनी हां म्हटली तर माझी हां." आबांनी रोटाचा तुकडा चावून चावून खाल्ला.

"तुनं मशीन एक खोली एकलं काढी दाखाडू दे. पयल्या दिनथीन केया निंघत तोपावत. मी हात लावाव नही. मंग मना पाय."

म्हणजे अट ठरली: मशीनने एक खोली एकट्याने पिकवून काढली तर आबा ऑपरेशनला तयार. शेठ साक्षीदार.

११ ऑगस्ट, सोमवार

कॉलेजच्या लॅबच्या कपाटात दोन वर्षं पडून असलेला रिस्क-फाइव्ह बोर्ड प्राचार्यांच्या सहीने बाहेर निघाला. रिस्क-फाइव्ह ही प्रोसेसरची नवी जात. कुणा एकाच्या मालकीची नाही म्हणून मला आवडते. विषयाचं नाव "कृषी-उपयोगी नियंत्रक". प्राचार्य खूश, त्यांना अहवालात एक ओळ मिळाली.

बोर्डसोबत आलेला तयार कर्नल, म्हणजे मशीन चालवणारा मूळ प्रोग्राम, लावून पाहिला. चालू व्हायला दोन मिनिटं, आणि दोन वर्षांपूर्वीचा मुलांचा अनुभव असा की दोन दिवसांनी गप्प बसतो. त्यात टीव्ही, गेमच्या दांड्या, गाणी वाजवायचं, सगळं भरलंय. केळ्यांना गाणी नकोत. आपला कर्नल आपणच बांधायचा.

प्र. म्हणाला, "लोकांच्या बायका माहेराहून पापड आणतात, तू वायरी आणतेस." नवरा बोलतो तेवढं बोलू द्यावं. स्वयंपाक तोच करतोय सध्या.

१३ ऑगस्ट, बुधवार

कर्नल बांधायचा मेन्यू उघडला. प्रश्नच प्रश्न, खाली खाली जाणारे. प्रत्येकाला तीन उत्तरं. वाय: कर्नलमध्येच पक्कं शिवून टाका. एम: बाजूला ठेवा, लागेल तेव्हा आत घेऊ. एन: नको.

आधी प्रोसेसरचं पान. दोन कोर आहेत का? नाही, एकच. एन. वेक्टरची गणितं करतो का? आपला बिचारा साधा आहे. एन. आखूड सूचना कळतात का? कळतात. वाय. टिकटिक सेकंदाला शंभर, अडीचशे की हजार? केळी कुठे पळून चाललीत. शंभर.

हे करताना इतकं बरं का वाटतं कळत नाही. डाळ निवडल्यासारखं होतं. प्रश्न अडला की मदतीचं पान उघडायचं, आणि पुष्कळ ठिकाणी शेवटी एकच वाक्य: खात्री नसेल तर एन म्हणा. एवढं स्पष्ट सांगणारं माणूस आमच्या सासरी एक जरी असतं.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदन, जिलबी, घरी. पहिलं बांधकाम लावलं. माझ्या जुन्या लॅपटॉपला पन्नास मिनिटं लागली, तेवढ्यात कळण्याच्या भाकरी, ठेचा, प्र.ची शेवभाजी. पंखा एवढा ओरडत होता की शेजारच्या ताई विचारायला आल्या, मिक्सर बिघडला का.

बोर्डवर चढवलं. काळा पडदा. अक्षर नाही. तासभर वायरी तपासल्या. मग लक्षात आलं की अक्षरं बाहेर पाठवणारा ड्रायव्हर मी एम केलाय. बोलायचं तोंडच बाजूला ठेवलं, आणि मी विचारतेय बोलत का नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

बोलायला लागला, आणि पहिलंच वाक्य, डिस्क सापडत नाही. कारण मेमरी कार्डाचा ड्रायव्हरही एम. तो कुठे ठेवलाय? कार्डावरच. कपाटाची किल्ली कपाटातच. विद्यार्थ्यांनी केलं असतं तर मी वर्गात नाव घेऊन बोलले असते.

संध्याकाळी चौथं बांधकाम. अकरा सेकंदांत उभा राहिला. मी एकटीच टाळ्या वाजवल्या. प्र. बाल्कनीतून म्हणाला, "मुलगा की मुलगी?"

२३ ऑगस्ट, शनिवार

काल पोळा. आज पुरणपोळ्यांचा डबा घेऊन जळगाव. गोदामाच्या ओट्यावर आबांना लॅपटॉप दाखवला. कर्नल म्हणजे काय, हे कसं सांगावं म्हणून बसमध्ये शब्द जुळवत आले होते. शेवटी म्हटलं, मशीनमधला मुकादम. कोणाला कधी काम द्यायचं, कोणाला आत घ्यायचं, तोच ठरवतो.

"मंग त्याले पगार किती?"

वाय, एम, एन समजावलं. त्यांना हे फारच आवडलं. लगेच गोदामाची वाटणी करून टाकली. थर्मामीटर, वाय. गॅसचा नळ, वाय. शेठ, एम. "लागतस तवय येतस." शेठचा पुतण्या, जो नुसता मोबाईल बघत बसतो, तो एन. ओट्यावर शेठ होतेच. सगळ्यात मोठ्याने तेच हसले.

मी विचारलं, आणि मुकादम? आबा म्हणाले, "मी वाय." हसत म्हणाले, पण हात गुडघ्यावर होता.

मदतीच्या पानाचं वाक्य त्यांना मराठीत सांगितलं. खात्री नसेल तर एन म्हणा. बराच वेळ मान हलवत होते. "हाऊ लिखनारा मानूस शहाना शे." ऑपरेशनला ते इतके महिने एन का म्हणताहेत ते आज मला कळलं. त्यांना खात्री नाही. भीती वाटते असं ते मेले तरी म्हणणार नाहीत.

६ सप्टेंबर, शनिवार

तीन नंबरच्या खोलीवर बोर्ड बसवला. आजच, कारण सोमवारपासून पितृपक्ष आणि आबांना त्यात नवीन काम नको. शेठच्या इन्व्हर्टरवर जोडलाय, म्हणजे लाइट गेली तरी बंद पडणार नाही. नेट नाही, मला नकोच आहे. तारीख-वेळ आबांच्या घड्याळावरून लावली. पडद्यावर मोठ्या अक्षरांत तापमान आणि दिवस.

आबा लांबूनच बघत होते. मी निघाले तेव्हा त्यांनी बोर्डवर आपला धुतलेला रुमाल टाकला. धूळ नको बसायला, म्हणे. परतीला विसर्जनाच्या मिरवणुकीत एस.टी. दीड तास अडकली. गुलाल डब्यात गेला.

१३ सप्टेंबर, शनिवार

भांडण. मशीन म्हणतं सतरा अंश, आबा म्हणतात खोली त्याहून गार आहे. मी म्हटलं, आबा, हा सेन्सर दशांशापर्यंत मोजतो. ते आत गेले, मधल्या क्रेटमधलं एक केळं काढलं आणि माझ्या गालाला लावलं.

गार होतं. सेन्सर मी दाराजवळ लावला होता, माल मध्ये असतो. सेन्सर हलवला, पंधराच्या खाली दाखवायला लागला. आबांनी "बघ" वगैरे काही म्हटलं नाही, उलट मला चहा करून दिला. मी असते तर आठवडाभर ऐकवलं असतं.

२० सप्टेंबर, शनिवार

दिवसभर कापणी. कर्नल जितका लहान तितका लवकर उठतो. आज सात सेकंदांवर आणला. काय काय काढलं: आवाज, चित्रं, छापखाना, तीन प्रकारची जाळी, घड्याळाच्या चिपचा ड्रायव्हर. ही चिप बोर्ड बंद असताना बटणसेलवर वेळ सांभाळते. आपला बोर्ड बंद होतोच कुठे? इन्व्हर्टर आहे, तीनशे पासष्ट दिवस चालू. एन.

लॅबमधून आणलेला तसाच दुसरा बोर्ड टेबलावर वायर ओढून सात-आठ वेळा बंद-चालू करून पाहिला. दर वेळी लॅपटॉप त्याला वेळ सांगतो, तो कामाला लागतो. कुरकुर नाही. आज मी स्वतःवर फार खूश आहे, प्र.ला आईस्क्रीम आणायला लावलं.

२८ सप्टेंबर, रविवार

नवा कर्नल जळगावच्या बोर्डवर चढवला, वेळ लावली. उद्या तीन नंबर भरणार, परीक्षा सुरू. अटी पुन्हा म्हटल्या, शेठसमोर. केळी निघेपर्यंत आबांनी दार उघडायचं नाही, हात लावायचा नाही, खडूने दिवससुद्धा लिहायचा नाही. आबांनी खडू शेठच्या हातात दिला. डॉक्टरांकडे पुढच्या आठवड्यातली तारीख विचारून ठेवली आहे.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. लॅबमध्ये पूजा. सगळी यंत्रं बंद करून पुसली, हळदकुंकू, झेंडू, ऊस, पेढे. माझ्या लॅपटॉपलासुद्धा कुंकू लावलं, झाकणावर अजून डाग आहे. मुलांना सांगितलं, आज कोणीही स्विच लावायचा नाही, हत्यारांची सुटी.

आबांचा फोन: खोली तीन, तिसरा दिवस, पडद्यावर बरोबर दिसतंय. आवाजात गंमत होती. पाहुणा जावई कसा वागतो तशी खबर देतात.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी सहाला फोन. "नंदा, तीन नंबरना वास बदलना." एवढंच. सातची गाडी धरली.

खोली उघडली तेव्हा गोड दर्प नाकात घुसला. केळी मऊ, डाग पडलेली, देठ सुटत होते. पडद्यावर तापमान अठरा, गॅस चालू, दिवस शून्य. तारीख: १ जानेवारी १९७०.

मी क्रेटवर बसले. काल दसरा. काल सकाळी आबांनी गोदामातल्या सगळ्या यंत्रांसारखा बोर्डही बंद केला, रुमालाने पुसला, कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं, आणि तासाभराने भक्तिभावाने चालू केला. घड्याळाचा ड्रायव्हर मी काढलेला. वेळ सांगायला लॅपटॉप नाही. बोर्ड उठला तो थेट १९७० मध्ये. दिवसांची वजाबाकी उणे आली, आणि उणे आलं तर शून्य धर असं मीच प्रोग्राममध्ये लिहून ठेवलंय. चौथ्या दिवसाच्या केळ्यांना त्याने पहिल्या दिवसाची ऊब आणि नवा गॅस दिला.

तीनशे पासष्ट दिवस चालू, म्हणे. आणि आदल्याच दिवशी मी स्वतःच्या हाताने लॅपटॉपला कुंकू लावत होते. खानदेशात जन्मलेल्या बाईला दसरा आठवू नये?

आबा मागे उभे. "मी बंद कयं. मनी चूक शे. शेठले मी सांगस."

"आबा, तुमनी नही. मनी."

ते ऐकेनात. मग हळू आवाजात म्हणाले की वास काल संध्याकाळीच आला होता. दारातून. मी म्हटलं, मग उघडलं का नाही?

"तू सांगेल व्हतं ना, हात लावाना नही."

रात्रभर दाराबाहेर खाट टाकून बसले होते. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना कळत असून त्यांनी दार उघडलं नाही, कारण मुलीला शब्द दिला होता. मला तिथेच रडू आलं, लपवलं नाही.

शेठला दोघांनी एकाच वेळी सांगितलं, प्रत्येकाने आपली चूक. शेठ म्हणाले, आधी दोघं मिळून एक काय ते ठरवा. मग स्वतः टेम्पो बोलावला, सगळा माल आश्रमशाळेच्या वसतिगृहात पाठवला. भाभींनी (शेठच्या घरच्या) गोदामातल्या सगळ्यांना शिकरण-पोळी जेवायला घातली. चार वाट्या मीच खाल्ल्या असतील.

जेवताना आबांनी विचारलं, तो १९७० लेच काबर गया? मी सांगितलं, या मशीनांचा काळ तिथूनच सुरू होतो. ते म्हणाले, "तवय मी चौदा वरीसना व्हतू. पाय बेस व्हता."

डॉक्टरांची तारीख रद्द केली.

५ ऑक्टोबर, रविवार

घड्याळाची चिप: वाय. पक्की शिवली. प्रोग्रामही बदलला. दिवस उणे आला तर शून्य धरायचं नाही, गॅस बंद करायचा, खोली आहे त्या तापमानावर ठेवायची आणि भोंगा वाजवायचा. खात्री नसेल तर माणसाला हाक मार. हे मी आधीच लिहायला हवं होतं. आबांना येतं ते माझ्या प्रोग्रामला येत नव्हतं.

प्र.ला सगळं सांगितलं. नेहमीसारखी थट्टा केली नाही, म्हणाला, "पुढच्या वेळी टेबलावर परीक्षा घेऊ नकोस. आबांना घेऊ दे."

११ ऑक्टोबर, शनिवार

जळगाव. परीक्षक आबा. वाटेल तेव्हा वायर ओढायची, वाटेल तेव्हा लावायची. अकरा वेळा ओढली, दोनदा तर मी बोलत असताना. अकराही वेळा बोर्ड बरोबर दिवसावर उठला. बटणसेल काढून पाहिला, तेव्हा भोंगा वाजला. भोंगा ऐकून शेठचा पुतण्या पहिल्यांदाच मोबाईल ठेवून धावत आला. आबा म्हणाले त्याला एम करून टाक.

उद्या तीन नंबर पुन्हा भरणार. मी नवी अट घातली. हात लावायचा नाही हे रद्द. वास बदलला तर दार उघडायचं, मला फोन करायचा नाही, आधी उघडायचं.

१८ ऑक्टोबर, शनिवार

तीन नंबर निघाली. आबांनी एकदाही दार उघडलं नाही, रोज तीनदा हुंगलं मात्र. फण्या एकसारख्या पिवळ्या, टोकांना हिरवी रेघ. आबांनी एक सोललं, अर्धं मला, अर्धं शेठला. स्वतः सालीचा वास घेत राहिले.

"ठीक शे."

या माणसाच्या तोंडून याहून मोठं कौतुक मी कधी ऐकलेलं नाही. माझ्या दहावीच्या निकालाला पण "ठीक शे" च होतं.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

दिवाळीची सुटी जळगावात घालवली. उरलेल्या पाच खोल्यांच्या वायरी ओढल्या. एकच बोर्ड, सहा खोल्या. आबा शिडी धरायचे, मी चढायचे. भाऊबीजेला काका गावाहून फराळ घेऊन आले, गोदामातच पंगत. आबा त्यांना सांगत होते, हाई घड्याळनी चिप, हाई वाय शे, कारण दसरा येस. काकांनी मान डोलावली, काही कळलेलं नव्हतं. मी शिडीवर बसून ऐकत होते, खाली उतरावंसं वाटेना.

तारीख ठरली. १७ नोव्हेंबर, सोमवार. आबांनी या खेपेला एन म्हटलं नाही. वायही म्हटलं नाही. "लिखी ले," म्हणाले.

१५ नोव्हेंबर, शनिवार

शेठनी स्वतःच्या गाडीने आबांना धुळ्याला आणून सोडलं. मुक्कामाला माझ्या घरी, माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा. सोबत एक पिशवी कपडे, एक क्रेट केळी, खिशात खडू. प्र.ने भरीत केलं होतं, वांगी जळगावची. आबा दोन भाकरी जेवले आणि मग कुठे बसावं ते कळेना म्हणून उभेच राहिले. सवय नाही ना. घरभर भिंतीला हात लावून फिरले. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर खडूने काहीतरी लिहायला गेले, खडू उमटला नाही.

संध्याकाळी शेठचा फोन. सहाही खोल्यांचे आकडे वाचून दाखवले. आबा म्हणाले, पाच नंबरना वास कसा शे? शेठ फोन घेऊन दारापर्यंत गेले, हुंगलं, आणि प्रामाणिकपणे म्हणाले, "आबा, मला केळ्यासारखा येतोय."

आम्ही तिघं हसलो. आबा सगळ्यात शेवटी थांबले.

१६ नोव्हेंबर, रविवार

दुपारी दवाखान्यात भरती. फॉर्मवर सही आबांनी स्वतः केली, एकेक अक्षर. डॉक्टरांनी विचारलं काही शंका? आबांनी विचारलं, नवा गुडघा किती दिवस टिकी? डॉक्टर म्हणाले, तुम्हाला पुरेल. आबांना हे उत्तर पटलं नाही, तोंडावरून कळत होतं. मलाही नाही.

नर्स गेल्यावर मी त्यांच्या खाटेच्या कडेला बसले. खूप दिवसांपासून मनात होतं ते विचारून टाकलं. पाय बरा झाला की इथेच राहायचं, आमच्याकडे. खोल्या आता चालतात. वाय, एम, की एन?

त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. देवपूरकडे जाणाऱ्या रिक्षा, शेवचिवड्याची गाडी.

"एम," म्हणाले. "गरज पडनी का बलाव. मी येसू."

कुणाला गरज, खोल्यांना की मला, ते मी विचारलं नाही. कुठल्या घरातून कुठे येणार, तेही नाही. तीन महिन्यांपूर्वी याच माणसाने स्वतःला वाय म्हटलं होतं, हे मात्र मला आठवत होतं आणि त्यांनाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सातला आत नेलं. त्याआधी मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. पट्टा गरम होता.

"किल्ली दी दे. बारा फेरा. जास्ती नही."

त्यांच्या हातात हे घड्याळ माझ्या जन्माआधीपासून आहे. मी कधी किल्ली दिलेली नाही, त्यांनी देऊच दिली नाही कुणाला. स्ट्रेचर ढकलायला लागले तेव्हा मान वळवून म्हणाले, खोली तीन आज चवथा दिन, शेठले सांग. मी म्हटलं, आबा, बोर्डला माहितेय. "बोर्डले शे," म्हणाले. "शेठले सांग."

शेठला फोन करून सांगितलं. शेठ म्हणाले, हो, पडद्यावर पण चौथाच आहे, आणि आबांचं? मी म्हटलं, आत आहेत.

प्र. चहा आणायला गेलाय. दोन तास लागतील म्हणालेत. ऑपरेशनच्या दारावरचा दिवा लाल आहे. बाकावर बसून किल्ली दिली, मोजून बारा. घड्याळ कानाला लावलं. चालू आहे.